पहिले इंजेक्शन कोणी द्यायचे?

२०१९ च्या जानेवारीत आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दत्तक गावी भरले होते. मी तेव्हा प्रथम वर्ष कला वर्गात होते. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक आणि उन्हे उतरली की घरोघर जाऊन सर्वेक्षण, असा दिनक्रम असे. आम्हा चार मुलींच्या गटाकडे आरोग्याचा तक्ता आला होता. त्यामुळे गावच्या उपकेंद्रात आमचे रोज जाणेयेणे होई.

एका दुपारी तिथे एक बाई आली. कडेवर सात-आठ महिन्यांचे मूल होते, हाताला शेतातली माती तशीच होती. तिने सिस्टरांना हळू आवाजात विचारले, "ते तीन महिन्यांचं इंजेक्शन इथं मिळतं का?" सिस्टर म्हणाल्या, "मिळतं, पण पहिलं इंजेक्शन डॉक्टरांनी तपासल्यावर. तू एकदा केंद्रावर जाऊन ये. पुढची सगळी मी इथंच देईन." प्राथमिक आरोग्य केंद्र अकरा किलोमीटरवर. एस. टी. सकाळी एक आणि संध्याकाळी एक. कांदालावणीचे दिवस होते, म्हणजे त्या फेरीत एक दिवसाची मजुरी बुडणार. सासूला काय सांगायचे हा प्रश्न निराळाच. बाई "बघते" म्हणाली आणि निघून गेली.

ती गेल्यावर सिस्टर आमच्याकडे वळून म्हणाल्या, "दुसरं मी द्यायचं, तिसरं मी द्यायचं, दहावंसुद्धा मीच द्यायचं. सुई तीच नि औषध तेच. फक्त पहिल्याला मी चालत नाही."

हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. आज मी समाजशास्त्र शिकवते. पाळणा लांबवण्याची साधने स्त्रीच्या हाती देण्याचा अधिकार कोणाचा, डॉक्टरचा की परिचारिकेचा, हा प्रश्न वरवर खात्याच्या एखाद्या परिपत्रकाचा वाटतो. तो तेवढाच नाही. त्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि गावोगावच्या लाखो बायांचे आयुष्य त्याच्याशी बांधलेले आहे. म्हणून तो थोडा मुळापासून पाहू.

सुरुवात एका परिचारिकेने केली

आधुनिक संततिनियमनाच्या चळवळीत मार्गारेट सँगर हे नाव सर्वतोमुखी आहे. पण ही बाई व्यवसायाने परिचारिका होती, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत बाळंतपणे करताना तिने वरचेवरच्या गरोदरपणांनी आणि चोरून केलेल्या गर्भपातांनी खंगलेल्या बाया पाहिल्या. १९१६ च्या ऑक्टोबरमध्ये तिने ब्रुकलिनमध्ये अमेरिकेतले पहिले संततिनियमन केंद्र उघडले. तिच्या सोबत असलेली तिची बहीण एथेल बर्न हीदेखील परिचारिकाच. शेकडो बाया रांगा लावून आल्या. दहा दिवसांच्या आतच पोलिसांनी केंद्राला टाळे ठोकले आणि पुढे सँगरला तीस दिवसांचा तुरुंगवास घडला.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. १९१८ साली न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयाने तिची शिक्षा कायम ठेवली, पण निकालात एक फट ठेवली. रोगाचा प्रतिबंध म्हणून डॉक्टर अशी साधने सुचवू शकतात, असे न्यायालय म्हणाले. चळवळीला श्वास घ्यायला जागा मिळाली. सँगरची पुढची केंद्रे डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू लागली. म्हणजे जे काम परिचारिकांनी सुरू केले, ते कायद्याच्या चौकटीत बसवताना त्यांच्याच हातून निसटले. डॉक्टरचा अधिकार हा त्या काळी बंदीतून काढलेला मार्ग होता. हे काम डॉक्टरशिवाय जमणारच नाही असे तेव्हा कोणी सिद्ध केलेले नव्हते. पुढे मात्र हाच मार्ग नियम होऊन बसला.

हीच सँगर १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्याला येऊन महात्मा गांधींना भेटली. दोघांचे एकमत झाले नाही. गांधीजींचा भर संयमावर राहिला. पण महाराष्ट्राला हा विषय तोपर्यंत नवा राहिला नव्हता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्येच मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले होते. कर्वे डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. या कार्यापायी १९२५ साली त्यांची प्राध्यापकी गेली. १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले, कोर्टाच्या पायऱ्या चढल्या, दंड भरले. शास्त्रीय माहिती सोप्या भाषेत ज्याच्या त्याच्या हाती द्यावी, एवढाच त्यांचा आग्रह होता. ह्या कामात ज्ञान आणि विश्वास ही खरी पात्रता आहे. पदवी ही तिची एक खूण असू शकते, एकमेव खूण नव्हे, हे कर्व्यांच्या उदाहरणावरून दिसते.

थायलंडची प्रश्नावली

तरीही कोणी विचारील की, चळवळ निराळी आणि वैद्यक निराळे; औषधाने कोणाला अपाय झाला तर? या शंकेचे सर्वांत चांगले उत्तर पुस्तकात नसून थायलंडच्या खेड्यांत मिळाले.

१९६० नंतरच्या दशकात थायलंडच्या ग्रामीण भागात डॉक्टर अत्यंत विरळ होते. लाखभर वस्तीमागे जेमतेम एक. गर्भनिरोधक गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायची असा नियम असल्यामुळे ती गोळी कागदोपत्री साऱ्या देशात असूनही प्रत्यक्षात शहरातच होती. खेड्यात होत्या त्या साहाय्यक सुईणी, म्हणजे आपल्याकडच्या आरोग्यसेविकांसारख्याच अल्पमुदतीचे शिक्षण घेतलेल्या बाया. तिथल्या आरोग्य खात्याने ॲलन रोझेनफील्ड ह्या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने १९६९ मध्ये काही प्रांतांत एक प्रयोग केला. सुईणींच्या हाती एक छापील प्रश्नावली दिली. कधी कावीळ झाली होती का? स्तनात गाठ लागते का? पोटऱ्यांत तीव्र वेदना किंवा सूज येते का? छातीत दुखते का, धाप लागते का? दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाते का? सोबत रक्तदाब पाहणे आणि थोडी वरवरची तपासणी. सर्व उत्तरे 'नाही' आली तर गोळी द्यायची. एक जरी 'होय' आले तरी बाईला डॉक्टरकडे पाठवायचे.

परिणाम उत्साहवर्धक होता. गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांची संख्या प्रयोगाच्या भागात कित्येक पटींनी वाढली, आणि सुईणीकडून गोळी घेणाऱ्या बाया ती डॉक्टरकडून घेणाऱ्यांइतक्याच चिकाटीने घेत राहिल्या. १९७० मध्ये सरकारने हा अधिकार देशभरच्या सुईणींना दिला. जिथे काहीशे ठिकाणी गोळी मिळत होती तिथे ती काही हजार ठिकाणी मिळू लागली. थायलंडमध्ये त्या काळी दर स्त्रीमागे सहाच्या आसपास मुले होत. पुढच्या वीसएक वर्षांत ते प्रमाण दोनच्या जवळ आले. शिक्षण, बालमृत्यूंतली घट, प्रचार अशी त्याची इतरही कारणे आहेत. पण साधन दारापाशी नसते तर प्रचाराचा उपयोग किती झाला असता?

या प्रयोगाचे मर्म त्या कागदात आहे. डॉक्टर गोळी देण्यापूर्वी जे पाहतो, त्यातला बहुतेक भाग नेमके प्रश्न विचारून कळण्यासारखा असतो. ते प्रश्न एकदा ठरवून दिले, की ते विचारायला सहा वर्षांचे वैद्यकीय शिक्षण लागत नाही. लागतो तो प्रामाणिकपणा, सराव आणि 'होय' आले तर थांबण्याची शिस्त. आणि आपल्या गावच्या सुईणीपाशी बाई ज्या मोकळेपणाने उत्तरे देते, तितकी ती परक्या डॉक्टरपाशी क्वचितच देते.

आपल्याकडे काय आहे

भारताने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. सरकारी पातळीवर असे करणारा हा जगातला पहिला देश मानला जातो. आपल्या ग्रामीण आरोग्यव्यवस्थेत सपाट प्रदेशात पाच हजार आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात तीन हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, आणि तीस किंवा वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असे प्रमाण ठरलेले आहे. डॉक्टर केंद्रात असतो, उपकेंद्रात आरोग्यसेविका. म्हणजे गावापासून पहिल्या पायरीवर आहे ती परिचारिकाच.

तिला आज काय काय करता येते? निरोध आणि गोळ्या ती देते. २०११ पासून तर आशाताई त्या घरपोच देतात. तांबी बसवणे आणि काढणे हे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकेला करता येते. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवण्याचे कामही प्रशिक्षित परिचारिकांकडे आलेले आहे. २०१८ नंतर उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे होऊ लागली आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले, त्यांतही परिचर्येचे पदवीधर पुष्कळ आहेत.

२०१७ पासून सरकारी दवाखान्यांतून 'अंतरा' हे तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन आणि 'छाया' ही आठवड्याची गोळी मोफत मिळू लागली. 'छाया'तले औषध लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत शोधले गेले. त्यात संप्रेरके नाहीत. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदा ती घ्यायची असते. 'अंतरा' आली तेव्हा तिच्या मार्गदर्शक सूचनांत असे ठरले, की पहिली मात्रा डॉक्टरांच्या तपासणीनंतर आणि पुढच्या मात्रा प्रशिक्षित परिचारिकेकडून. सिस्टरांची तक्रार होती ती हीच.

ह्या नियमाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गोळी नकोशी झाली तर उद्यापासून बंद करता येते. इंजेक्शन एकदा दिले की तीन महिने ते परत काढता येत नाही. त्याने पाळी अनियमित होते, कित्येकींची ती थांबतेच. इंजेक्शने बंद केल्यावर पुन्हा दिवस राहायलाही सहसा काही महिने लागतात. तेव्हा पहिल्या वेळी नीट पारख हवी, ही काळजी योग्यच होय. पण ती पारख प्रश्न विचारून आणि रक्तदाब पाहूनच करायची आहे. साध्या गोळीत इस्ट्रोजेन असते, त्यामुळे ती न देण्याची कारणे इंजेक्शनाच्या कारणांपेक्षा अधिकच आहेत. तरीही गोळी दारात मिळते आणि इंजेक्शनासाठी अकरा किलोमीटर जावे लागते. शिवाय पाळी थांबली म्हणजे "रक्त आत साचलं" असे समजून घाबरलेली बाई प्रथम जाते कोणाकडे? डॉक्टर तेव्हा अकरा किलोमीटरवरच असतो. धीर द्यायला सिस्टरच असते.

ह्या साऱ्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशात १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती. पुरुष नसबंदीचे प्रमाण होते ०.३ टक्के. तांबी २.१ टक्के आणि इंजेक्शन केवळ ०.६ टक्के. महाराष्ट्रात तर जवळजवळ निम्म्या विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. दोन मुलांत अंतर ठेवायचे तर साधन हाताशी नाही; म्हणून मुले लवकर लवकर होऊ द्यायची आणि पंचविशीच्या आत ऑपरेशन करून मोकळे व्हायचे, हीच आपल्याकडची रीत होऊन बसली. ज्या साधनाला सर्वांत जास्त डॉक्टर लागतो तेच साधन सर्वांत जास्त वापरले जाते आणि परिचारिका देऊ शकते ती साधने मागे पडतात, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न

परिचारिकेला सर्वच अधिकार द्यावेत, असे कोणी म्हणत नाही. साधनांची एक चढण आहे. निरोधाला तपासणी लागत नाही. गोळीला आणि इंजेक्शनाला प्रश्न, रक्तदाब आणि समज लागते. तांबीला हाताचे कसब लागते. गर्भाशयाची तपासणी करून त्याची खोली मोजायची, निर्जंतुकपणा पाळायचा, हे पुस्तक वाचून येत नाही, अनुभवी हाताखाली करूनच येते. नसबंदीला शल्यचिकित्सक लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली ह्याच क्रमाने शिफारस केली. प्रशिक्षित परिचारिका आणि सुईणींनी इंजेक्शन द्यावे, तांबी बसवावी, हे तिने मान्य केले. शस्त्रक्रियेबाबत मात्र तशी मोकळीक दिली नाही. इंग्लंडमध्ये विशेष शिक्षण घेतलेल्या परिचारिका २००६ पासून आपल्या कक्षेतली जवळजवळ सर्व औषधे स्वतःच्या सहीने लिहून देऊ शकतात.

आणि केवळ डॉक्टरची पदवी म्हणजे सुरक्षितता नव्हे. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूरजवळच्या शिबिरात एका शल्यचिकित्सकाने काही तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकल्या. त्यांतल्या दहाहून अधिक स्त्रिया दगावल्या. तिथे पदवीची वाण नव्हती. वेळ, स्वच्छता आणि बाईच्या जिवाची किंमत यांची होती. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करावीत असे सांगितले, ते ह्याच पार्श्वभूमीवर.

अधिकार आणि उद्दिष्ट

पण माझ्या मते खरा धोका निराळाच आहे, आणि तो आपल्या इतिहासात घडून गेलेला आहे. १९६५ मध्ये लूप आला तेव्हा लाखो स्त्रियांना तो घाईघाईने बसवला गेला. पुढे रक्तस्राव होऊ लागला, तेव्हा विचारपूस करायला कोणी नव्हते. लूपची बदनामी झाली आणि ती पुढे तांबीलाही भोवली. १९७६ साली, आणीबाणीत, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, पण "केसेस" आणण्याचा धाक शिक्षकांपासून तलाठ्यांपर्यंत सर्वांनी अनुभवला. १९८५ च्या सुमारास हैदराबादजवळ नेट-एन ह्या इंजेक्शनाची चाचणी स्त्रियांना पुरेशी माहिती न देता होत असल्याचे उघडकीला आले आणि १९८६ मध्ये स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९६ च्या एप्रिलपासून केंद्राने उद्दिष्टे रद्द केली. मात्र कागदावरचे उद्दिष्ट गेले तरी बैठकीत "तुमच्या किती झाल्या?" हा प्रश्न विचारणाऱ्याची सवय तेवढ्याने जात नाही.

म्हणून परिचारिकेचा अधिकार वाढवताना त्याचा अर्थ नीट ठरवला पाहिजे. 'द्यायचा' अधिकार तिला मिळाला आणि 'न द्यायचा' मिळाला नाही, तर ती वरून आलेल्या आकड्याची हस्तक होईल. रक्तदाब जास्त निघाला म्हणून गोळी नाकारणे, बाईला तांबी नको झाली तर तिची समजूत काढत न बसता ती काढून देणे, नवऱ्याने पाठवले म्हणून आलेल्या बाईला एकटीला बसवून "तुला स्वतःला काय हवं?" असे विचारणे, हे सारे ह्या अधिकाराचेच भाग आहेत. त्यासाठी तिची पाठराखण करणारे वरिष्ठ हवेत.

परिचारिकेच्या बाजूनेही हे पाहायला हवे. लसीकरण, गरोदर मातांच्या नोंदी, बाळंतपणे, साथीचे रोग आणि ढीगभर रजिस्टरे एकटीवर असतात. कित्येक जणी वर्षानुवर्षे कंत्राटावर आहेत. अशा बाईला आणखी एक काम लावून त्याला 'अधिकार' हे नाव दिले तर ती थट्टा होईल. अधिकाराबरोबर प्रशिक्षण हवे, अडल्यास फोनवर उत्तर देणारा डॉक्टर हवा, काही बिघडले तर नियमाप्रमाणे वागणाऱ्या सिस्टरला कायद्याचे संरक्षण हवे, आणि वाढलेल्या जबाबदारीचा मोबदलाही हवा.

आपल्याकडे शहाणपण पदवीनुसार वाटण्याची सवय जुनी आहे. परिचर्या हे बायकांचे काम, म्हणून ते सेवेचे. निर्णय घेणे हे डॉक्टरांचे काम. ही वाटणी वैद्यकाने केलेली नाही, समाजाने केलेली आहे. आपण कला शाखेचे विद्यार्थी सुई टोचायला शिकत नाही, पण ही वाटणी ओळखायला तरी शिकतो.

२०२० च्या जानेवारीत शिबिर पुन्हा त्याच गावी होते. उपकेंद्राच्या ओट्यावर ती बाई भेटली. मागच्या वर्षीचे मूल आता तिचा पदर धरून उभे होते आणि तिला सातवा महिना होता. सिस्टर तिचा रक्तदाब पाहत होत्या. मी काही विचारले नव्हते, तरी ती माझ्याकडे पाहून कसनुसे हसली आणि म्हणाली, "जायचं होतं ताई केंद्रावर. पण कांदं लावायचं चाललं होतं, मग राहिलंच." सिस्टरांनी पट्टा सोडला, आकडा वहीत लिहिला. "ह्या खेपेला बाळंतपणातच बघू," त्या तिला म्हणाल्या, "मी सोबत असेन."